धार तशी सोपी आहे

३ एप्रिल

आजपासून रोजनिशी. मोठे गिर्यारोहक लिहितात. ते चढून आल्यावर लिहितात, मी आधीपासून लिहितो आहे, एवढाच फरक. कुणाला दाखवणार नाही. दाखवायची वेळ आलीच तर थोडी सुधारून.

निमित्त असं. पुढच्या महिन्यात बायको पन्नास वर्षांची होते. काय हवं, असं विचारलं. मला वाटलं आरामखुर्ची म्हणेल. सगळा जन्म हॉस्पिटलच्या वॉर्डात उभ्याने गेलेली नर्स ती, दुसरं काय मागणार? तर म्हणाली, मला ती धार चालायची आहे.

ती धार म्हणजे तीन दिवसांच्या ट्रेकमधला शेवटचा दिवस. पाठीवर सॅक घेऊन एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर जायचं, मधे खडकांची अरुंद धार, दोन्ही बाजूंना दरी. लग्नाआधी ती मैत्रिणींबरोबर जाणार होती. बूटसुद्धा घेतले होते. तेवढ्यात आमचं लग्न ठरलं, मग मुलगी झाली, मग ते बूट मुलीला बसायला लागले, मग मुलगी ते बूट घालून शिकायला परगावी गेली.

तुमच्याबरोबर जायचंय, असंही म्हणाली. दोनदा म्हणाली.

मी म्हटलं, त्यात काय एवढं. फोटो बघतो आणि धार किती अवघड आहे ते सांगतो. ती म्हणाली, अहो, दुरून डोंगर साजरे. ही म्हण मला पहिल्यापासून पटत नाही. डोंगर दुरूनच नीट दिसतो. जवळ गेल्यावर नुसता दगड दिसतो.

४ एप्रिल, ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत

अंदाज हा माझा धंदाच आहे. इन्शुरन्स कंपनीत बावीस वर्षं लोकांचं नुकसान ठरवतो, तेही टेबलावर बसून, फोटो बघून. फुटलेली काच, खचलेली भिंत, चेपलेली गाडी. एकदाही जागेवर गेलेलो नाही. जागेवर जाणं म्हणजे स्वतःच्या नजरेवर अविश्वास.

माझा एक नियम आहे. फोटो काढणारा माणूस नेहमी फुगवून दाखवतो. वाकून काढतो, जवळून काढतो, ओरखड्याची दरी करतो. म्हणून जे दिसतं त्यातून एक तृतीयांश वजा करायचं. उरेल ते सत्य. या नियमावर माझी दोन प्रमोशनं झाली.

धारेचे फोटो स्क्रीनवर मोठे करून पाहिले. दरीतून एक तृतीयांश वजा केल्यावर साधारण नाला उरतो. एका फोटोत धारेवरचा माणूस डोळे मिटून खडकाला मिठी मारून बसलाय. त्याची भीतीही वजा केली. उरला तो दमून बसलेला माणूस.

निष्कर्ष: धार तशी सोपी आहे. बायकोला फोन करून कळवलं. ती पेशंटला सलाईन लावत होती, बरं म्हणाली.

६ एप्रिल

श्रेण्या ठरवल्याशिवाय अवघड-सोपं याला अर्थ नाही. पुस्तकातल्या श्रेण्या माणसाला समजत नाहीत, म्हणून माझ्या स्वतःच्या केल्या. स्टुलावर चढून पंखा पुसणे, श्रेणी एक. माळ्यावरून बॅग काढणे, श्रेणी दोन. तीच बॅग भरलेली असताना काढणे, श्रेणी तीन. आणि खाली बायको सूचना देत उभी असताना काढणे, श्रेणी चार. त्यापुढे माणसाने जाऊ नये.

धार वजावटीनंतर दोनमध्ये बसते.

जेवताना हे बायकोला समजावून सांगितलं. तिने विचारलं, आपल्या घरात पंखा कोण पुसतं? ती पुसते, हे खरं आहे. मी स्टूल धरतो. पण स्टूल धरणाऱ्याला उंची जास्त जाणवते, हे कुणी लक्षात घेत नाही.

९ एप्रिल

शेजारच्या टेबलावरचा टकल्या ती धार चालून आलेला निघाला! बावीस वर्षं शेजारी बसतो आणि कधी बोलला नाही. मधे एक फट आहे म्हणाला. एका खडकावरून दुसऱ्या खडकावर पाय टाकावा लागतो आणि टाकताना खाली बघावं लागतं, कारण पाय कुठे ठेवायचा ते खालीच असतं. सांगताना त्याने माझ्या टेबलाची कड घट्ट धरली होती.

टकल्याला प्रत्येक गोष्टीत मीठमसाला लावायची सवय आहे. एक तृतीयांश वजा केलं. पाय टाकावा लागतो, पण खाली बघावं लागत नाही.

तरी दुपारी झोप आली नाही. ऑफिसात एरवी येते.

१३ एप्रिल, रविवार

सरावाला सुरुवात. हॉलमध्ये हुबेहूब धार उभारली. सोफ्याची पाठ, पुढे इस्त्रीचं टेबल, मग दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून, शेवटी कपाट. कपाट म्हणजे पलीकडचा डोंगर. दोन्ही बाजूंना फरशी म्हणजे दरी. फरशीवर गाद्या अंथरू का, असं बायकोने विचारलं. मी नको म्हटलं. दरीत गाद्या नसतात.

सोफ्याची पाठ बसून पार केली. बसून जाणं ही मान्यताप्राप्त पद्धत आहे. इस्त्रीचं टेबल मिटलं. त्यात माझा दोष नाही, ते आधीपासून सैल होतं. बायको फोनवर बोलत बोलत मागून आली, सोफ्यावरून खुर्चीवर, खुर्चीवरून कपाटाशी, आणि वरचं धूळ पुसायचं फडकं काढून पलीकडे उतरली. फोन ठेवलासुद्धा नाही. तिला खरी धार डोळ्यांसमोर आणता आली नाही, म्हणून जमलं.

दुपारी एकटाच कपाटावर चढलो. छान वाटलं. मग खाली बघितलं.

मुद्दाम तिथेच थांबलो. उंचीची सवय व्हावी लागते, तिला वेळ द्यावा लागतो. बायको ड्यूटीवर गेली होती. चार वाजता फ्रिजवाला आला. दार नुसतं लोटलेलं होतं, तो आत आला, फ्रिज बघितला, मग मला बघितलं. मी वरूनच सांगितलं की बर्फ जमत नाही. त्याने विचारलं, साहेब, उतरायचंय का? मी म्हटलं, आत्ता नाही. त्याने फ्रिज दुरुस्त केला, मग न विचारता स्टूल आणून लावलं आणि पाठ फिरवून उभा राहिला. भला माणूस.

१४ एप्रिल

पाठ धरली आहे. हे उतरल्याचं नव्हे, बसल्याचं दुखणं आहे.

२० एप्रिल

मेहुणा येणार आहे बरोबर. बायकोचा धाकटा भाऊ. दातांचा डॉक्टर. दर सुट्टीत डोंगरात असतो. मला विचारलं नाही, ताईने सांगितलं म्हणून येतोय. मला त्याची काही अडचण नाही. फक्त जो माणूस दिवसभर लोकांच्या तोंडात बघतो, त्याला मोकळ्यावरचं काय कळणार?

फोनवर माझ्या श्रेण्या त्याला सांगितल्या. हसला. म्हणाला, भावोजी, हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं, धारेचा अंदाज धारेवर गेल्यावरच येतो, खडक ओला असेल तर एक, वारा असेल तर दुसरा. वर म्हणाला, न जमण्यासारखं वाटलं तर खालून जंगलातून वाट आहे, थोडी लांब पडते पण सरळ आहे, लाज वाटायचं कारण नाही.

लाज? मला? ज्याने धार श्रेणी दोनमध्ये बसवली त्याला?

खालच्या वाटेचं मात्र बरं झालं. म्हणजे, बायकोसाठी. तिच्या गुडघ्यांचा विचार कुणीतरी करायला हवा.

२७ एप्रिल

संकल्प. रोज तीन जिने चढणार. लिफ्ट बंद. गोड बंद. बाल्कनीत उभं राहून दहा मिनिटं खाली बघणार. बाल्कनीत मी सहसा जात नाही, तिथे ऊन असतं.

२८ एप्रिल

लिफ्टवाल्याला वाईट वाटलं म्हणून लिफ्टने आलो. बाल्कनीत गेलो. ऊन नव्हतं. दार आतून धरून वरती बघितलं. सुरुवात वरूनच करायची असते.

बायकोने नवीन बूट आणले. घरात घालून फिरत होती, भांडी घासतानासुद्धा. आरशात पायच बघत होती. म्हणाली, बघा ना, कसे दिसतात? मी म्हटलं, तळव्याची पकड कशी आहे ते महत्त्वाचं. ती म्हणाली, तेही बघा, पण आधी कसे दिसतात ते सांगा. मी पकड तपासली. उत्तम.

६ मे

उद्या निघायचं. सॅक भरली. स्कूटरचं हेल्मेट, शिट्टी, मोजायची टेप, दोर, गुडघ्याला बांधायचे पट्टे (बायकोच्या), पट्टे (माझे, तिचे कमी पडले तर). सॅक उचलली तेव्हा मागे गेलो आणि पलंगावर बसलो. सॅक चांगली आहे, बसायला मदत करते.

मुलीचा फोन. बाबा, आईला धारेवर नक्की घेऊन जा, ती किती दिवस बोलतेय, असं म्हणाली. माझ्याबद्दल काही बोलली नाही, फक्त शेवटी म्हणाली, बाबा, उगाच शहाणपणा करू नका. आईवर गेली आहे.

८ मे, पहिला मुक्काम

चढ. पायांत गोळे आले. वजावट करून बघितली, तरी आले.

बायको पुढे. शीळ घालत होती. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, तिला शीळ येते हे मला माहीत नव्हतं. मेहुण्याला माहीत होतं. मला जरा राग आला, कुणाचा ते कळलं नाही. ढेकूळ लाथाडलं. दगड होता.

९ मे, संध्याकाळी, दुसरा मुक्काम

पोचलो. दगडी मुक्कामघर, वर पत्रा, आत लाकडी फळ्यांवर ओळीने झोपायचं. सांभाळणाऱ्या बाई आल्या आल्या विचारतात, चहा किती? बरीच मंडळी आहेत. काही म्हाताऱ्यांचा एक कंपू उद्या धार चालणार आहे. सगळ्यांत म्हातारे आजोबा काठी विसरून आलेत, म्हणून कुणाची तरी छत्री घेऊन फिरतात. संडास मागच्या बाजूला कुठेसा आहे, खडकांतून थोडं चालावं लागतं म्हणे. मी झाडामागे उरकलं.

मग सगळे ओट्यावर गेले आणि समोर ढग बाजूला झाले. धार.

फोटोवाल्यांनी फुगवून काढलेले नाहीत. फोटोवाल्यांनी कमी करून काढले आहेत! हे बावीस वर्षांत पहिल्यांदा बघतोय. वरती दाते असलेली भिंत, अशी, मधेच तुटलेली. तिच्यावर मुंग्या चालत होत्या. मुंग्या कशाला असतील एवढ्या लांबून दिसायला? माणसं होती. एक मुंगी थांबली. बराच वेळ थांबली. मला घाम आला.

बायको माझ्या शेजारी उभी होती आणि हसत होती. नुसती धारेकडे बघून हसत होती, कुणी जुनं माणूस भेटावं तसं. मेहुणा म्हणाला, ताई, उद्या हवा छान आहे. ती म्हणाली, अहो, बोला की काहीतरी, कशी वाटते?

मी म्हटलं, श्रेणी तीन. मग पुन्हा बघून म्हटलं, चार. मग म्हटलं की प्रश्न माझा नाही, तुझ्या गुडघ्यांचा आहे, आणि खालची वाट झाडीतून जाते, तिथे पक्षी असतात. तिचं हसू तसंच राहिलं पण त्यातली हवा गेली. माझ्या गुडघ्यांना काय धाड भरली आहे, असं म्हणाली.  चहा झाल्यावर म्हणाली, असं करा. तुम्ही स्वतः जाऊन बघा. सकाळी लवकर जा, थोडं चालून बघा, खडकाला हात लावून बघा, आणि मग येऊन सांगा. तुम्ही जे सांगाल ते मी ऐकेन. नको म्हणालात तर खालून जाऊ. पण फोटो बघून नाही. बघून.

मेहुणा म्हणाला, ताई, अगं, असं कसं, धार तुझी आहे. ती म्हणाली, ह्यांच्याबरोबर जायचंय मला.

सगळा भार माझ्यावर. मी तयार आहे. बावीस वर्षांतली पहिली जागेवरची पाहणी.

१० मे, उजाडताना

निघालो. सगळे झोपलेत. धुकं इतकं की हेल्मेटची काच पुसावी लागते. मुक्कामघराच्या मागून खडकांची वाट निघते, तीच असणार, दुसरी दिसत नाही.

थोड्या वेळाने

धार सुरू झाली. शंका नाही. डावीकडे धुकं, उजवीकडे धुकं. मधे खडक, रुंदी सोफ्याच्या पाठीपेक्षा जास्त पण सोफ्यापेक्षा ओला. चार पायांवर आहे. वही दातांत धरून हलतो, थांबून लिहितो.

शहाण्या लोकांनी बाजूने दोर बांधून ठेवला आहे. मी माझा दोर त्याला अडकवला. दोराला रंगीत कापडं लटकवलेली आहेत. धोक्याच्या खुणा असाव्यात. एक कापड मोज्यासारखं आहे.

६.४०

टकल्या बोलला ती फट आली! पाय टाकावा लागतो. खाली बघावं लागतं. टकल्या खरं बोलत होता, मी त्याच्यावर अन्याय केला. फट टेपने मोजली, वीतभर आहे, पण वीत कुठे आहे हे महत्त्वाचं. खाली पांढरं. तळ दिसत नाही. खडा टाकला. लगेच आवाज आला. धुक्यात आवाज फसवतो.

फट ओलांडली. कशी ते आठवत नाही. पलीकडे खडकाला मिठी मारून बसलो आहे. डोळे मिटले होते. फक्त दमलो होतो.

७ च्या सुमारास

धारेवर एकटा नाही. एक गिर्यारोहक मागून आला आणि मला ओलांडून गेला, उभ्याने. पायजम्यात. पायांत स्लिपर. खांद्यावर टॉवेल. कमीत कमी सामान घेऊन चढणारे हल्लीचे हे लोक, यांचं धाडस मला पटत नाही. घाईत होता. नमस्कार केला तर हुं म्हणाला.

मग दोन बायका. एकीच्या हातात ब्रश. हिमनदीवर दात घासणारे लोक वाचले आहेत.

मग ते आजोबा, छत्री टेकत. म्हणाले, बसा बसा, मला जाऊ दे आधी. दहा मिनिटांत परत आले! एकट्याने, त्या वयात, टोक गाठून परत. चेहऱ्यावर जे समाधान होतं ते शिखरावरच मिळतं.

७.१५

पुढे जाता येत नाही. मागे जाता येत नाही. हे भीतीने नाही. दोर त्या दोरात गुंतला आहे.

विचार केला. स्पष्ट, निर्भीड विचार. माझी बायको इथे येता कामा नये. पायजमेवाला परत जात होता, त्याला थांबवून निरोप दिला. आत नर्सबाई आहेत, त्यांना सांगा, टोटल लॉस, सगळं गेलं. पुढे कुणीही येऊ नका, सगळ्यांना सांगा. जीव जाईल. तो माझ्याकडे बघत राहिला. मग माझ्या मागच्या दिशेला बघून विचारलं, तिकडे काय झालंय? मी म्हटलं, विचारू नका. तो पळत गेला.

एक कर्तव्य पार पडलं.

७.३५

शांतता. गेली वीस मिनिटं धारेवर कुणी आलं नाही. माणसं वाचवली, याचं समाधान काही वेगळंच असतं. मुक्कामघराकडून मात्र आरडाओरड ऐकू येते. निरोपाने घबराट झालेली दिसते.

नंतर, मुक्कामघरात

धुकं गेलं.

आधी बायको आली, हातात औषधांची पेटी. वॉर्डात तातडीचा पेशंट आल्यावर चालते तशी चालत आली. तिच्या मागे मेहुणा, दोर घेऊन. त्याच्या मागे सगळं मुक्कामघर, रांगेत, पायांवर पाय दाबून उभं. माझ्यापासून दहा पावलांवर पत्र्याची खोली होती, दारावर आतून कडी नाही असं लिहिलेलं. दुसऱ्या बाजूला, तेवढ्याच अंतरावर, मुक्कामघराची भिंत. मधे मी. डावीकडची दरी कमरेएवढी होती, तिथे सांभाळणाऱ्या बाईंनी पुदिना लावला आहे. त्या बाई सगळ्यांत मोठ्याने ओरडत होत्या, की संडासच्या वाटेवर झोपलेला माणूस कोण आणि त्याने माझ्या कपड्यांच्या दोरीची काय दशा केली!

पायजमेवाला म्हणाला, जीव जाईल म्हणाले होते. मागून कुणीतरी म्हणालं, आत्ता जाईल.

मेहुण्याने माझा दोर मोज्यांतून सोडवला.  तोंडात काहीतरी धरून ठेवल्यासारखं दिसत होतं.

बायकोने सगळ्यांना बाजूने जायला सांगितलं. मग पेटी खाली ठेवली आणि माझ्या शेजारी त्या खडकावर बसली. हेल्मेटची काच वर केली. मला वाटलं हसेल. हसली नाही. म्हणाली, लागलं का कुठे? मी म्हटलं, नाही. म्हणाली, एकच विचारते. भीती वाटते का?

मी म्हटलं, कुणाला?

ती म्हणाली, अहो, भीती वाटते म्हणालात तर मी हात धरीन. हळूहळू जाऊ, बसत बसत जाऊ, निम्म्यातून परत येऊ, मला चालेल. पण नाही म्हणालात तर मी काय धरू?

मी तोंड उघडलं. खरोखर काहीतरी बोलणार होतो, वेगळंच, ते घशापर्यंत आलंही होतं. तेवढ्यात म्हणालो की तांत्रिकदृष्ट्या ही वाट धारेचाच एक भाग मानता येईल, आणि खडक ओला असता श्रेणी एकने वाढते, हे तुझा भाऊही मान्य करेल.

 तिने वाकून बुटाची नाडी बांधली. बांधलेलीच होती, सोडून पुन्हा बांधली. म्हणाली, तुम्ही बघून आलात, आता मी बघून येते.

मेहुणा आणि ती नऊ वाजता निघाले. म्हाताऱ्यांचा कंपू त्यांच्याबरोबर. आजोबा छत्रीसकट. वळणावर तिने मागे वळून हात केला. मी हेल्मेट हलवलं. ते दिसेनासे झाले तरी हलवत होतो. बाईंनी विचारलं, चहा किती? मी म्हटलं, दोन. मग म्हटलं, एक.

१० मे, दुपार, खालची वाट

ही वाटही समजतात तेवढी सोपी नाही. मुळं आहेत. एकटा माणूस, जड सॅक, सोबतीला कुणी नाही. समोरून एक बाई आली, पाठीवर बाळ, बाळ झोपलेलं. तिने मला वाट करून दिली. हेल्मेट बघून असावं.

पक्षी आहेत. काही विशेष नाहीत.

१० मे, संध्याकाळ, पायथ्याचा बस स्टॉप

मी आधी पोचलो. हे नोंदवून ठेवतो.

बाकावर बसून होतो. चार वाजता ते आले. तिच्या कोपराला खरचटलं होतं, केसांत पाचोळा, चेहरा उन्हाने लाल. मला दिसल्यावर धावत आली, पन्नासाव्या वर्षी, सॅकसकट. काहीतरी सांगायचं होतं तिला, ओठांवर आलेलं होतं. जवळ येऊन थांबली. मग म्हणाली, जेवलात का?

मी विचारलं, धार कशी होती? मेहुणा बोलणार होता, तिने त्याच्याकडे बघितलं, तो पाण्याची बाटली शोधायला लागला. ती म्हणाली, अवघड होती. तुम्ही म्हणालात तशीच. तुम्हाला त्रास झाला असता.

बघा. मी म्हणालोच होतो. श्रेणी चार!

मग ती शेजारी बसली आणि बूट काढले. पाय वाऱ्यावर धरले.  म्हणाली, वर मधोमध एक सपाट खडक आहे. तिथे वारा लागत नाही. दोन्हीकडचं सगळं दिसतं. सगळे पुढे गेले तरी मी जरा थांबले तिथे.

मी विचारलं, खडकाची रुंदी किती?

ती म्हणाली, दोघं बसतील एवढी.

 मी वहीत रुंदी लिहायला घेतली, लिहिली नाही. छातीत एकदम जड झालं, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. उंचीचा त्रास असणार. बस स्टॉप पायथ्याला आहे हे मला माहीत आहे, पण हा त्रास काही लोकांना उशिरा होतो.